११९७ सीसीपेक्षा ९९८ सीसीच्या इंजिनाची पॉवर जास्त कशी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या आत गाडी घ्यायची आहे आणि इंजिनाच्या आकड्यांपाशी अडलोय. राहतो मुलुंडला, ऑफिस अंधेरीला. म्हणजे रोजचा जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), त्यातला बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. सणावाराला आई-बाबा, बायको, मुलगी आणि डिकीभर सामान घेऊन बोरघाट आणि खंबाटकी चढायचा असतो.

मारुती फ्राँक्स जवळजवळ नक्की केली आहे. पण तिच्यातच तीन पर्याय आहेत. साधं पेट्रोल ११९७ सीसी, ९० पीएस (पॉवरचं एकक, जवळजवळ एक हॉर्सपॉवर), ११३ एनएम (न्यूटन-मीटर) टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद. टर्बो पेट्रोल ९९८ सीसी, १०० पीएस, १४८ एनएम. आणि सीएनजी, तेच ११९७ सीसीचं इंजिन, पण पॉवर ७७.५ पीएस. बाबांचं म्हणणं, घाट चढायचा तर सीसी जास्त हवेत, लहान इंजिन पाच माणसं ओढताना दम टाकेल. मलाही लहानपणापासून हेच माहीत. मग कमी सीसीचं इंजिन जास्त पॉवर कसं देतं, आणि एकाच इंजिनाची सीएनजीवर पॉवर कमी का होते?

सीसी म्हणजे काय तेवढं कळलंय. या १.२ लिटर इंजिनात सिलिंडरचा व्यास (बोअर) ७३ मिमी आणि पिस्टनची धाव (स्ट्रोक) ७१.५ मिमी. त्यावरून एका सिलिंडरचे २९९ घन सेंमी येतात, चार सिलिंडरचे ११९७. इथपर्यंत हिशेब जुळतो, पुढे पॉवरपर्यंत कसं पोचायचं ते कळत नाही. शोरूममध्ये विचारलं तर "टर्बो आहे ना सर" एवढंच उत्तर मिळतं. जाणकारांनी जरा उलगडून सांगावं ही विनंती.

प्रतिसाद १

तुमचा हिशेब बरोबर आहे. सीसी म्हणजे सगळे पिस्टन एकदा खालपर्यंत आले की किती जागा मोकळी होते ते. त्या जागेत किती हवा भरली जाते आणि मिनिटाला किती वेळा, यावर पॉवर ठरते. पेट्रोल हवेच्या प्रमाणात सोडलं जातं, त्यामुळे हवा किती मिळते हा खरा प्रश्न.

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेतो. ११९७ सीसीचं इंजिन ६००० आरपीएमवर (मिनिटाला ६००० फेऱ्या) पूर्ण भरत असेल तर मिनिटाला साधारण ३६०० लिटर हवा घेईल, २००० आरपीएमवर जेमतेम १२००. म्हणून साध्या इंजिनाची कमाल पॉवर वरच्या आरपीएमवर मिळते. तुमचे ९० पीएस ६००० आरपीएमचे आहेत. जेव्हीएलआरवर तुम्ही तिथे कधी पोचणार?

टर्बो काय करतो, तर बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. जागा ९९८ सीसीचीच, पण तिच्यात नुसत्या हवेच्या दाबाने गेली असती त्याहून खूप जास्त हवा बसते. म्हणून १ लिटरच्या इंजिनातून १४८ एनएम निघतो, आणि तोही २००० ते ४५०० आरपीएमच्या पट्ट्यात.

एक सूत्र लिहून ठेवा: टॉर्क (एनएम) गुणिले आरपीएम, भागिले ७०२४, म्हणजे पीएस. २००० आरपीएमवर टर्बो १४८ एनएम देतो, म्हणजे ४२ पीएस. साध्या इंजिनाचा कमाल टॉर्क ११३ एनएम, तो ४४०० आरपीएमवर येतो. तोच २००० ला मिळाला असं क्षणभर धरलं तरी ३२ पीएस होतात, प्रत्यक्षात त्याहून कमीच. घाटात ट्रकमागे अडकून पुन्हा वेग घेताना हा फरक जाणवतो. १०० विरुद्ध ९० हा ब्रोशरमधला फरक त्यापुढे किरकोळ आहे.

बाबांचंही चूक नाही. टर्बो नसेल आणि काळही एकच असेल, तर सीसी वाढले की ताकद वाढते हे खरं आहे. पण काळ बदलला की तेही कोलमडतं. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी १०८९ सीसीची होती, पॉवर सुमारे ४० हॉर्सपॉवर. नंतर २०१८ ची सँट्रो १०८६ सीसीची, पॉवर ६९ पीएस. फ्युएल इंजेक्शन, जास्त व्हॉल्व्ह, जास्त कॉम्प्रेशन, या सगळ्याचा तो परिणाम.

टर्बोची एक बाजू मात्र शोरूमवाले सांगत नाहीत. १५०० आरपीएमच्या खाली धुराला जोर नसतो, त्यामुळे टर्बो फारसं काही करत नाही आणि तुमच्याकडे राहतं नुसतं १ लिटरचं इंजिन. पवईच्या चढावर बंपरला बंपर लावून सरकताना साधं १.२ जास्त सुरळीत वाटेल. आणि टर्बोला ऑइल वेळेवर आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच, यात चालढकल चालत नाही.

प्रतिसाद २

सीएनजीचं राहिलं. गॅस हवेबरोबर सिलिंडरमध्ये शिरतो आणि स्वतःच बरीच जागा व्यापतो, पेट्रोलचे थेंब तेवढी व्यापत नाहीत. तेवढी हवा कमी, तेवढी पॉवर कमी. शिवाय टाकीने डिकी भरणार, तुमचं सातारचं सामान कुठे ठेवाल?

विम्याचंही बघा. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो. जून २०२२ च्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंत वर्षाला २०९४ रुपये, त्यापुढे १५०० पर्यंत ३४१६. म्हणजे जास्त पॉवरच्या टर्बोला हप्ता कमी. जीएसटीत फरक नाही, तिन्ही १२०० सीसी आणि ४ मीटर लांबीच्या आत आहेत. आपल्याकडचा रोड टॅक्स गाडीच्या किमतीवर आणि इंधनावर असतो, सीसीवर नाही.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. हे सूत्र बाबांना दाखवलं, पद्मिनीचा आकडा वाचून त्यांनी स्वतःच सँट्रोचा पुन्हा तपासून घेतला. सीएनजी बाद. आता टर्बो की साधं, एवढंच उरलंय. टेस्ट ड्राइव्हला नेमकं काय तपासू?

प्रतिसाद १

पाच माणसं बसवा, एसी लावा, आणि दोन्ही गाड्या एकाच चढावर न्या. घोडबंदरचा गायमुख घाट तुम्हाला जवळ पडेल. दुसऱ्या गिअरमध्ये वेग अगदी कमी करा आणि मग अॅक्सिलरेटर द्या. टर्बो किती वेळाने उचलतो ते तिथे कळेल. तो विलंब रोज सहन होणार असेल तर टर्बो घ्या, नाही तर साधं १.२ घ्या आणि घाटात गिअर लवकर उतरवायची सवय लावा.