ॲनोरेक्सियातून सावरणाऱ्या मुलींच्या गटात संवादकौशल्यं कुठून सुरू करावीत?

प्रश्न
खाण्याच्या विकारांवर उपचार घेणाऱ्या तरुण मुलींसाठी आठ सत्रांचा गट घ्यायचा आहे. बहुतेकींना ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं कमालीचं तोडणं), दोघींना बुलिमिया (ताबा सुटून भरमसाट खाणं आणि मग उलटी वगैरे करून ते भरून काढणं). मैत्रिणी तुटल्यात, 'नाही' म्हणणं जमत नाही, चेहरे कोरे. नजरेला नजर देणं, संभाषण सुरू करणं हे नेहमीचं शिकवून उपयोग होईल का?

प्रतिसाद १
आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, आहार आणि वजन कुठवर आलंय. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्यापैकी कितीतरी जण माणसांपासून दूर राहू लागले, थट्टामस्करी आटली, डोक्यात सतत अन्न. विकार नसताना ही गत! तेव्हा मुलींच्या गप्पपणातला मोठा वाटा उपासमारीचा असू शकतो. त्यावर संभाषणाचे धडे दिलेत तर मुलगी आणखी एका परीक्षेत नापास झाल्यासारखी घरी जाईल.

प्रतिसाद २
चेहऱ्याकडे नीट लक्ष द्या. ॲनोरेक्सियात आत भावना असली तरी चेहऱ्यावर कमी उमटते. मैत्रीण आनंदाची बातमी सांगते, ही मनातून खूश होते, पण गाल-भुवया जागच्या जागी. मैत्रिणीला वाटतं, हिला काही पडलेलं नाही. पुढच्या वेळी ती सांगतच नाही, आणि हिची खात्री पटते की आपण कुणालाच नको आहोत. हे चक्र फळ्यावर काढा. ओढूनताणून हसायला लावू नका, वाक्य द्या: 'माझ्या चेहऱ्यावर दिसत नसेल, पण मला खरंच आनंद झालाय.'

अनेकींना भावनेचं नावही सापडत नाही. 'कसं वाटतंय?' म्हटलं की 'जाड वाटतंय' येतं. तिथे वजनावर वाद घालू नका. मागच्या अर्ध्या तासात कोण काय बोललं ते विचारा. खाली बरेचदा राग, लाज नाहीतर एकटेपणा निघतो.

प्रतिसाद ३
'नाही'साठी जोड्या करा, प्रत्येकीला तीन मिनिटं. वाक्याचे तुकडे तीन: काय घडलं, काय वाटलं, काय हवंय. 'तू काल माझ्या ताटावरून बोललीस. मला लाज वाटली. जेवताना माझ्या खाण्याचा विषय नको.' सुरुवातीला 'सॉरी, पण' येतं आणि शेवटी 'जाऊ दे, काही नाही'. हे दोन्ही काढून पुन्हा म्हणायला लावा. जोडीदारणीने ऐकलेलं फक्त परत सांगायचं, सल्ला द्यायचा नाही. परिपूर्णतेचा हट्ट असलेल्या मुली वाक्य पाठ करून येतात, म्हणून प्रसंग आयत्या वेळी बदला.

बुलिमियात हे जास्तच महत्त्वाचं, कारण गिळलेला राग पुष्कळदा बिंजमध्ये, म्हणजे ताबा सुटून भरमसाट खाण्यात, बाहेर पडतो. नातेसंबंधांवर काम करणारी आयपीटी (इंटरपर्सनल सायकोथेरपी) ही थेरपी बुलिमियात अन्नावर फारसं न बोलताही उपयोगी पडते. विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या सीबीटी या थेरपीपेक्षा हळू, पण वर्षभरानंतरच्या तपासणीत फरक फारसा उरत नाही.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. चक्राचं चित्र पहिल्याच सत्रात घेऊ?

प्रतिसाद २
तिसऱ्यात घ्या. पहिल्या दिवशी ते आरोपासारखं लागतं. पहिल्या सत्रात एकच नियम पक्का करा: वजन, कॅलरी, कपड्यांचं माप, कुठलाच आकडा गटात उच्चारायचा नाही. नाहीतर तुलना लगेच सुरू होते. घरच्यांनाही वेगळं बसवून सांगा, की 'तब्येत सुधारली हं' हे मुलीला 'जाडी झालीस' असं ऐकू येतं. त्याऐवजी 'आज तुझ्याशी बोलून बरं वाटलं' म्हणा.