लॅप कोलीनंतर तीन पेशंटच्या पोर्टला गाठी: ग्लुटापेक्षा जालीम सोल्यूशन कोणतं?

ओटी_सिस्टर_घोडबंदर:
नमस्कार. घोडबंदर रोडला एका छोट्या नर्सिंग होममध्ये नऊ वर्षं ओटी सांभाळते. गेल्या दोन महिन्यांत पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनचे तीन पेशंट परत आले. तिघांचं एकच. टाके छान सुकले, घरी गेले आणि महिन्याभराने बेंबीजवळच्या पोर्टला (दुर्बिणीसाठी पाडलेल्या छिद्राला) लालसर गाठ, मग त्यातून पाण्यासारखा स्राव. दोन-दोन अँटिबायोटिक झाली, काही फरक नाही. त्यातल्या एक मावशी पोळ्यांची कामं करतात. ओट्याला पोट टेकलं की कळ येते, म्हणून कामावर जाणं बंद. ड्रेसिंग करताना मला म्हणाल्या, "सिस्टर, माझंच काही पथ्य चुकलं का हो?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमची पद्धत अशी: केस संपली की सामान नळाखाली धुवायचं, पुसायचं, २ टक्के ग्लुटाच्या (ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या) ट्रेमध्ये २० मिनिटं बुडवायचं, उकळून गार केलेल्या पाण्यात खंगाळायचं आणि पुढच्या केसला घ्यायचं. सोल्यूशन १४ दिवसांनी बदलतो. पाणी बहुतेक वेळा टँकरचं. बॅक्टेरिया, व्हायरस, फंगस, टीबी, सगळ्यांना पुरून उरेल असं काही आहे का? सरांकडे मागणी करायची आहे.

सीएसएसडी_नेरूळ:
सिस्टर, आधी पेशंटचं. स्राव किंवा गाठीचा तुकडा एएफबी (टीबीच्या गटातल्या जंतूंची तपासणी) आणि मायकोबॅक्टेरियाच्या कल्चरला पाठवायला सांगा, आणि फॉर्मवर तसं लिहा. साध्या कल्चरचा रिपोर्ट दोन दिवसांत 'नो ग्रोथ' येतो आणि सगळे निर्धास्त होतात. तुम्ही सांगताय ते चित्र अटिपिकल मायकोबॅक्टेरियाचं (टीबीच्या जंतूच्या भाऊबंदांचं) वाटतं, चेलोनी, फॉर्च्युइटम वगैरे. हे पाण्यात राहणारे जंतू. नेहमीच्या टीबीच्या गोळ्यांना बहुधा दाद देत नाहीत, त्यामुळे अंदाजाने टीबीचा कोर्स सुरू करू देऊ नका.

आता सोल्यूशन. ग्लुटामध्ये २० मिनिटं म्हणजे हाय लेव्हल डिसइन्फेक्शन, पूर्ण निर्जंतुक नव्हे. बीजाणू (जंतूंचं टणक कवचातलं रूप) मारायला त्याच ग्लुटाला १० तास लागतात. पोटात जाणारी वस्तू निर्जंतुकच हवी. चेलोनीचे काही प्रकार तर ग्लुटालाही पुरून उरतात. ट्रोकार आणि कॅन्युला (पोटात वाट करायची टोकदार दांडी आणि तिची नळी), ग्रास्पर (लांब चिमटा), जे जे स्टीलचं आणि उष्णता सोसणारं आहे ते ऑटोक्लेव्हला (दाबाखालच्या वाफेच्या मशीनला) टाका. टेलिस्कोपवर ऑटोक्लेव्हेबल लिहिलेलं नसेल तर प्लाझ्मा किंवा ईटीओ (कमी उष्णतेत निर्जंतुक करायच्या पद्धती).

निवृत्त_ओटी_इन्चार्ज_कळवा:
अगं, तू सोल्यूशन विचारतेस, मी ब्रश विचारते. ग्रास्पर पूर्ण खोलता का? दांडा, आवरण, हँडल वेगळं? ट्रोकारच्या आतली रबरी वॉशर काढता? नुसतं नळाखाली धरलं तर पाणी वरून वाहतं, नळीत रक्त तसंच राहतं. आणि ग्लुटाचा गुणच असा की रक्तातलं प्रोटीन ते जागेवर थिजवतं. एकदा थिजलं की त्याच्या आडोशाला जंतू मजेत. मग सोल्यूशन कितीही महागाचं आणा.

मी पोरींना शिकवायचे: केस संपली की सुकू द्यायचं नाही, लगेच एन्झाइमच्या पाण्यात. नळीच्या मापाचा ब्रश या टोकातून घालून त्या टोकातून बाहेर काढायचा, पाण्याखाली, म्हणजे तोंडावर शिंतोडे येत नाहीत. सिरिंजने आतून पाणी मारायचं आणि पूर्ण कोरडं करायचं. ओलं सामान ग्लुटात गेलं की ग्लुटा पातळ होतं, म्हणून १४ दिवसांवर विसंबू नकोस, वापराच्या रोज ताकद तपासायची स्ट्रिप लाव. आणि शेवटचं पाणी! उकळल्याने सगळे बीजाणू मरत नाहीत, शिवाय गार होईस्तोवर त्या टबात किती हात जातात ते बघ. ऑटोक्लेव्ह केलेलं पाणीच घे. टँकरचं तर मुळीच नको, क्षाराचे पांढरे डाग सांध्यात बसतात.

लॅप_सर्जन_नौपाडा:
सगळं पटतं. पण एकच सेट आणि सकाळी चार केस, हे छोट्या ठिकाणचं खरं दुखणं आहे. आम्ही दुसरा सेट घेतला आणि दोन केसमध्ये अंतर ठेवलं. ऑटोक्लेव्हच्या टेपवर काळे पट्टे आले म्हणजे काम झालं असं समजू नका. टेप फक्त उष्णता लागली एवढंच सांगते. आठवड्याला एकदा तरी बीजाणूंची कुपी आत ठेवून ते मेले का तपासा.

ओटी_सिस्टर_घोडबंदर:
इन्चार्ज ताई, काल केस संपल्यावर बसून एक ग्रास्पर खोलला. नऊ वर्षांत पहिल्यांदा पूर्ण. आवरणातून ब्रश ओढला तर केसांवर तपकिरी चिखल. ट्रोकारची वॉशर नखाने काढली, तिच्या खाली काळी कड बसलेली, खरवडली तर पापुद्रे निघाले. ग्लुटातून काढून पुसून ठेवलेलं सामान होतं हे. ते तसंच कागदावर ठेवून सरांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, या आठवड्याच्या लॅपच्या केसेस पुढे ढकला.

तिघांचे नमुने आज गेले. मावशींना मी स्वतः फोन करून सांगितलं की पथ्य तुम्ही मोडलेलं नाही. दुसऱ्या सेटचं कोटेशन मागवलंय. ५ मिलिमीटरच्या नळीला कोणत्या मापाचा ब्रश घ्यायचा, तेवढं कोणी सांगेल का?

निवृत्त_ओटी_इन्चार्ज_कळवा:
नळी बाहेरून ५ असते, आतलं भोक त्याहून लहान. एक कॅन्युला आणि एक ग्रास्परचं आवरण सोबत घेऊन जा आणि दुकानातच घालून बघ. ब्रशचे केस आतून सगळीकडे टेकले पाहिजेत. सैल फिरला तर तो घेऊ नकोस.