'बाहेरचं काम', 'मानधन' आणि एक अडलेलं कलम

पेठकर
आमच्या महाविद्यालयाच्या सेवानियमांचं मराठी करतोय. 'आउटसाइड एम्प्लॉयमेंट'पाशी गाडी अडली आहे. 'बाह्य रोजगार' लिहिलं तर प्राध्यापक रोजगार हमीवर खडी फोडायला निघालेत असं वाटतं. 'जोडधंदा' म्हटलं की कोंबड्या आणि म्हशी डोळ्यांपुढे येतात. कार्यालयात सगळे 'बाहेरची कामं' म्हणतात, पण म्हणताना आवाज खाली आणतात. काय लिहू?

निवृत्त मास्तर
हा वाद पुण्यात फार जुना आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी या शिक्षणसंस्थेतून टिळक १८९० साली बाहेर पडले, त्याच्या कारणांत हे एक मोठं कारण. आजीव सदस्यांनी थोड्या पगारावर वीस वर्षं संस्थेला द्यायची असं ठरलेलं. टिळकांचं म्हणणं, सदस्याचा सगळा वेळ संस्थेचा, बाहेर कमवायचं नाही. दाखला, आयुष्य वाहून घेणाऱ्या जेझुइट पाद्र्यांचा. तिथलेच सदस्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी 'सार्वजनिक सभा' या राजकीय संस्थेचं चिटणीसपद घेतलं आणि ठिणगी पडली. (तेव्हा 'केसरी' टिळकच चालवत होते, हे आमच्यासारखे खवचट लोक विसरत नाहीत.)

गंमत शब्दाची बघा. 'आजीव' म्हणजे आपल्याला जन्मभराचा. संस्कृतात मात्र 'आजीव' म्हणजे उपजीविका, बौद्धांच्या 'सम्यक् आजीवा'तला. भांडण नेमकं त्या दुसऱ्या अर्थावरून झालं!

तासिकावाली
मास्तर, मस्त! मी सकाळी कर्वे रस्त्यावर आणि दुपारी हडपसरला शिकवते, दोन्हीकडे तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितके पैसे. मला मिळतं ते 'मानधन'. मूळ संस्कृतात 'मानधन' म्हणजे मान हेच ज्याचं धन आहे तो. भारवी कवीने 'किरातार्जुनीय' या महाकाव्यात योद्ध्यांना हे विशेषण लावलंय. मराठीत आपण विग्रहच फिरवला, मानाने दिलेलं धन. 'वेतन' म्हटलं की नोकरी आली, नोकरी आली की रजा आली, भविष्य निर्वाह निधी आला. त्यापेक्षा मान दिलेला परवडतो.

शब्दवेडी
पेठकर, नाम कुठलंही घ्या, खरी मेख क्रियापदात आहे. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत शिक्षकांसाठी जी आचारसंहिता आहे, तिचा आशय असा: कर्तव्यात बाधा येण्याची शक्यता असेल अशी दुसरी नोकरी वा बांधिलकी घेऊ नये, त्यात खाजगी शिकवण्याही आल्या. मराठी करताना लोक 'दुसरी नोकरी, खाजगी शिकवण्या इत्यादी करू नयेत' एवढं ठेवतात आणि 'बाधा' गाळून टाकतात. झाली सरसकट बंदी! शाळाशिक्षकांना खाजगी शिकवणीची बंदी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नेच आहे. तिचा वास उगाच महाविद्यालयाच्या कागदाला लागतो.

मसुद्यात 'पूर्वपरवानगी' आहे की 'पूर्वसूचना'?

पेठकर
पूर्वपरवानगी. आणि हे कलम 'शैक्षणिक स्वातंत्र्य' या मथळ्याखालीच येतं.

शब्दवेडी
मग तो मथळा कलमानेच खाल्ला. समजा, तुमच्या अर्थशास्त्राच्या मॅडमनी पालिकेच्या अंदाजपत्रकावर वर्तमानपत्रात लेख लिहिला. मत मांडलं ते स्वातंत्र्य. लेखाचे हजार रुपये आले, की तेच 'लाभाचं बाहेरचं काम'. परवानगी मागायची म्हणजे लेख आधी दाखवायचा. मताला हात न लावता मानधनाच्या दारातून आत शिरता येतं. नागरी सेवेच्या वर्तणूक नियमांतसुद्धा साहित्य, कला, विज्ञान यांतल्या प्रासंगिक कामाला सूट आहे. खाजगी संस्थेने सरकारपेक्षा कडक का व्हावं?

शिवाय 'शैक्षणिक' नको. शैक्षणिक सहल, शैक्षणिक साहित्य, तसंच स्वातंत्र्य वाटतं. 'विद्यास्वातंत्र्य' करा. आणि 'स्वायत्तता' तर मुळीच नको. स्वायत्त महाविद्यालय म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा महाविद्यालयाच्या हातात. वर्गात उभ्या असलेल्या माणसाला त्यातून आपोआप काही मिळत नाही.

निवृत्त मास्तर
'विद्यास्वातंत्र्य' ऐकायला गोड आहे, पण प्राचार्य विचारतील, हे कुठल्या शासननिर्णयात आहे?

पेठकर
विचारलंच. 'शैक्षणिक' राहिलं. बाकी असं केलंय: 'पूर्णवेळ अध्यापकाने अध्यापन-कर्तव्यात बाधा येईल असे अन्य अर्थार्जन करू नये. इतर अर्थार्जनाची पूर्वसूचना द्यावी. लेखन, व्याख्यान व संशोधन यांस सूचनेची आवश्यकता नाही.'

तासिकावाली
'पूर्णवेळ' घातलंत ते बरं केलंत. नाहीतर माझं 'अन्य' कुठलं, कर्वे रस्ता की हडपसर, हे पीएमपीच्या बसमध्ये बसून ठरवावं लागलं असतं.