२०२४ : निवडणुकीपलीकडचं ब्रिटन
ब्रिटनमधल्या मोठ्या बातम्यांच्या एका यादीत २०२४ ची मोठी बातमी म्हणून ४ जुलैची निवडणूक आणि तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांचा पराभव आहे. मला पोस्ट ऑफिस प्रकरण त्याहून मोठं वाटतं. होरायझन या संगणक प्रणालीतल्या चुकांमुळे हिशेबात तूट दिसायची आणि चोरीचा आळ यायचा छोटी टपाल कार्यालयं चालवणाऱ्यांवर. ९०० हून अधिक जण दोषी ठरले, त्यांत भारतीय वंशाचेही होते. अनेकांनी पदरचे पैसे घालून तूट भरली. एका गरोदर बाईला तुरुंगात धाडलं, हे वाचून आजही पोटात कालवतं! अखेर २४ मे रोजी कायदा झाला आणि शेकडो जण निर्दोष ठरले. त्याच आठवड्यात दूषित रक्ताच्या चौकशीचा अहवालही आला. उपचारात दूषित रक्त वा रक्तघटक दिल्यामुळे ३०,००० हून अधिक रुग्णांना एचआयव्ही किंवा हेपटायटिसची लागण झाली होती. तोही यादीत हवा.