रेल्वेने युरोप फिरताना स्टेशनजवळचं हॉटेल घ्यावं का? तुमचे अनुभव लिहा

येत्या मे महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा आणि माझे आईबाबा, पंधरा दिवस पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली करतोय. टूर कंपनीबरोबर जायचं नाही हे पक्कं. सगळा प्रवास रेल्वेने. व्हिसासाठी हॉटेलांची बुकिंगं लागतात म्हणून आता तीच करायला बसलेय आणि प्रत्येक गावात एकाच प्रश्नाशी गाडी अडतेय: स्टेशनजवळ राहायचं की बघण्याच्या ठिकाणांजवळ?

आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालीय. सपाटीवर ती तासभर आरामात चालते, पण जिन्याला कठडा लागतो आणि बॅग उचलणं बंद. माझा स्वतःचा अनुभव एकच, मिलानचा. 'स्टेशनपासून ३५० मीटर' वाचून हॉटेल घेतलं होतं. मिलानो चेंत्राले हे २४ फलाटांचं अवाढव्य स्टेशन. आम्ही ज्या दाराने बाहेर पडलो ते हॉटेलच्या बरोबर उलट्या अंगाला होतं. बॅगा ओढत अख्ख्या इमारतीला वळसा घातला, तोवर पाऊस सुरू. ते ३५० मीटर कुठून मोजले होते कोण जाणे.

नुसतं 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असं नको. कुठलं गाव, कुठली बाजू, काय बघून घेतलंत आणि पोचल्यावर काय निघालं, ते लिहा. फसलात तर तेही लिहा, फक्त हॉटेलचं नाव नको.

\*\*\*

इंटरलाकेनपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडचा प्रत्येक जण तिथे जातोच आणि निम्मे जण तिथेच चुकतात. गावात दोन स्टेशनं आहेत, वेस्ट आणि ओस्ट, एकमेकांपासून साधारण दोन किलोमीटर. बाजारपेठ वेस्टकडे. पण लाउटरब्रुनेन, ग्रिंडेलवाल्ड, युंगफ्राऊ, म्हणजे ज्यासाठी आपण जातो ते सगळं ओस्टहून सुटतं. लुझर्नहून येणारी गाडीही ओस्टलाच संपते. बर्नहून येणारी मात्र आधी वेस्टला थांबते आणि मग ओस्टला जाते.

आम्ही वेस्टजवळ राहिलो. हॉटेल छान होतं, तक्रार नाही. पण तीनही दिवस सकाळी आधी वेस्टहून ओस्टला जायचं आणि तिथून पुढची गाडी धरायची. हॉटेलकडून मिळणाऱ्या गेस्ट कार्डावर गावातली बस फुकट असते, तरी लहान मुलांना थंडीत सकाळी सातला बसथांब्यावर उभं करणं जिवावर येतं. पुढच्या वेळी मित्राला ओस्टजवळ घ्यायला लावलं. तिथे युथ हॉस्टेल स्टेशनला अगदी लागून आहे आणि समोरच सुपरमार्केट. दही, ब्रेड, फळं घेतली की सकाळचा प्रश्न मिटला.

आणखी एक, हॉटेलशी संबंध नाही पण लिहितोच. ओस्टहून सुटणारी गाडी त्स्वायल्युत्शिनेनला दुभंगते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचूनच चढा. आमच्यासमोर एक कुटुंब दोन डब्यांत बसून दोन गावांना गेलं.

\*\*\*

व्हेनिसबद्दल. मेस्त्रे स्वस्त म्हणून तिथे राहिलो. मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचं स्टेशन. तिथून समुद्रावरच्या लांब पुलावरून दहा-बारा मिनिटांत गाडी व्हेनिस सांता लुचियाला, म्हणजे बेटावरच्या स्टेशनला पोचते. दिवसभर गाड्यांना तोटा नाही. रात्री उशिरा मात्र त्या विरळ होतात. आम्ही सान मार्को चौकात रेंगाळलो आणि मग फलाटावर बराच वेळ ताटकळत बसलो. सासूबाईंना झोप अनावर झाली होती.

हॉटेल निवडताना स्टेशनची कुठली बाजू ते बघा. एका अंगाला मेस्त्रे गाव, दुसऱ्या अंगाला मार्गेरा. नकाशावर दोन्ही चिकटलेले दिसतात, पण मधे रूळ आहेत आणि भुयारी रस्त्यानेच पलीकडे जाता येतं.

मेस्त्रे व्हेनिस नगरपालिकेतच मोडतं, त्यामुळे २०२४ पासून काही ठरावीक दिवशी एक दिवसाच्या पाहुण्यांकडून जे प्रवेशशुल्क घेतात ते तिथे मुक्काम असणाऱ्यांना नाही. मुक्कामाचा कर मात्र हॉटेलात माणशी, दर रात्रीचा वेगळा द्यावा लागतो. आमच्याकडून तो रोख मागितला. इटलीत सगळीकडेच सुटे युरो हाताशी ठेवा.

\*\*\*

वरच्या मेस्त्रेच्या अनुभवाशी मी सहमत नाही, आणि धागाकर्तीच्या आईंसाठी तर मुळीच नाही. व्हेनिस संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आत बघायचं गाव आहे. त्या वेळी तुम्ही गाडीत असाल तर काय उपयोग? पैसे एका ठिकाणी वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा.

पण एक धोका सांगते. व्हेनिसमध्ये अंतर मीटरमध्ये मोजायचंच नाही, पुलांमध्ये मोजायचं. आमचं हॉटेल नकाशावर सांता लुचियाहून सहा मिनिटं होतं. मधे स्काल्झीचा पूल. दगडी पायऱ्या वर, दगडी पायऱ्या खाली, माझी तेवीस किलोची बॅग आणि नवऱ्याच्या दोन. पहिल्या टप्प्यावरच माझ्या बॅगेचं एक चाक निखळलं. ते गडगडत खालपर्यंत गेलं आणि एका शाळकरी मुलाने पळत जाऊन आणून दिलं. उरलेले अकरा दिवस ती बॅग तीन चाकांवर ओढली.

म्हणून सांगते: स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे वळलात की लिस्ता दी स्पान्या नावाचा रस्ता लागतो. गुल्ये पुलापर्यंत त्या रस्त्याला एकही पूल नाही, सरळ सपाटी. तिथे हॉटेलंच हॉटेलं आहेत. फिरायला स्टेशनसमोरून वापोरेत्तो, म्हणजे त्यांची जलबस. एक नंबरची धरली की ग्रँड कॅनॉलभर थांबत थांबत सान मार्कोपर्यंत नेते. आईंना एकही पायरी चढावी न लागता निम्मं व्हेनिस बघून होईल.

\*\*\*

रोम. एकटी गेले होते, तेर्मिनी या मुख्य स्टेशनजवळ चार रात्री. लोकांनी खूप घाबरवलं होतं. माझं मत असं झालं की तेर्मिनी ही 'एक' जागाच नाही. एक नंबर फलाटाच्या अंगाला मार्साला रस्ता आणि २४ नंबरच्या अंगाला जोलित्ती रस्ता, दोन्हीकडचं वातावरण निराळं. मी मार्सालाच्या बाजूला, कास्त्रो प्रेतोरियोकडे राहिले. रात्री साडेदहाला जेवून परतताना रस्त्यावर माणसं होती, दिवे होते, भीती वाटली नाही. जोलित्तीच्या बाजूने रात्री एकदा आले आणि पावलं आपोआप भरभर पडली.

सोय मात्र निर्विवाद. रोम मेट्रोच्या ए आणि बी मार्गिका तेर्मिनीलाच एकमेकींना छेदतात. कोलोसियम दुसरं स्टेशन. फ्युमिचिनो विमानतळाची लिओनार्दो एक्सप्रेस इथूनच, मधे न थांबता ३२ मिनिटं.

चोरी झाली, पण ती हॉटेलच्या गल्लीत नाही, स्टेशनातल्या तिकीट मशीनसमोर. एक बाई 'मदत' करायला पुढे आली, मी पडद्याकडे बघत होते, तेवढ्यात पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यातून छोटं पाकीट गेलं. पासपोर्ट पोटाच्या पट्ट्यात होता म्हणून निभावलं. तिकिटं फोनवर काढा.

आणि शाकाहारी मंडळींसाठी: जोलित्तीच्याच अंगाला, चालत दहा-पंधरा मिनिटांवर एस्क्विलिनोची मंडई आहे. भेंडी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, डाळी, सगळं मिळतं. मराठी नाही, पण हिंदी चालून गेली. खोलीत स्वयंपाकघर असेल तर सकाळी आठवणीने जा.

\*\*\*

मी म्युनिकमध्ये नऊ वर्षं राहतोय, दर उन्हाळ्यात कुणीतरी नातेवाईक येतात आणि त्यांची हॉटेलं मीच बघतो. धाग्यात जर्मनी नाही, तरी दोन गोष्टी सगळीकडे उपयोगी पडतील.

पहिली, खोली कुठल्या अंगाला ते बुकिंगच्या वेळी लिहून मागायचं. इकडे 'होफ' म्हणजे आतल्या चौकाकडची खोली म्हणतात. रस्त्याकडची आणि चौकाकडची खोली एकाच दराची असली तरी झोपेत जमीन-अस्मानाचा फरक. स्टेशनच्या दक्षिणेला गोएथे आणि शिलर रस्त्यांवर हॉटेलांची रांग आहे. तिथे रात्रभर वर्दळ असते. काकांना मी रस्त्याकडची खोली मिळू दिली आणि त्यांनी दोन रात्री खुर्चीत काढल्या, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरी, तुमची तिकिटं किती वाजल्यापासून चालतात ते बघा, मग ठरवा. आमच्याकडे बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्याचं दिवसभराचं रेल्वे तिकीट, आठवड्याच्या दिवसांत सकाळी नऊपासूनच चालतं. नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा बघायला त्यावर फ्युसेनपर्यंत दोन तासांचा प्रवास. नऊच्या आधी निघायचंच नाही तर पहाटेच्या गाडीसाठी स्टेशनला चिकटून राहायची गरज काय? मारीएनप्लात्झ या मधल्या चौकाजवळ राहा, एस-बानने, म्हणजे इकडच्या लोकलने, मुख्य स्टेशन दोन थांब्यांवर आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात ऑक्टोबरफेस्ट असतो. त्याचं मैदान स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ. त्या दिवसांत स्टेशनजवळचे दर विचारूसुद्धा नका.

\*\*\*

थोडक्यात लिहिते. व्हिएन्नात मुद्दाम मुख्य स्टेशन टाळलं आणि यू-१ मेट्रोच्या एका साध्या वस्तीतल्या थांब्याजवळ घर घेतलं. खाली बेकरी, समोर बाग, संध्याकाळी शेजारच्या आजी कुत्रा घेऊन बसायच्या. शहराच्या मध्यावरचा श्टेफान्सप्लात्झ चौक वीस मिनिटं. एका गावात चार रात्रींहून जास्त राहणार असाल तर मेट्रोजवळ, दोनच रात्री असतील तर मोठ्या स्टेशनजवळ, असा आमच्या घरचा नियम झालाय.

\*\*\*

धागाकर्ती: इंटरलाकेन ओस्टजवळ खोली धरली आणि लिस्ता दी स्पान्यावर दोन हॉटेलं शोधून ठेवलीत. रस्ता फोटोत बघितला, खरंच सपाट आहे! आईला दाखवला, तिचा चेहरा खुलला. पॅरिसबद्दल कुणी लिहील का? तीन रात्री राहून झुरिककडे जायचंय. विमानतळावरून थेट गाडी आहे म्हणून गार द्यु नोर स्टेशनजवळ बघत होते.

\*\*\*

थांबा, बुक करू नका! झुरिकची गाडी गार द्यु नोरहून सुटत नाही, गार द ल्योंहून सुटते. पॅरिसला एक मुख्य स्टेशन नाही, दिशेप्रमाणे वेगवेगळी आहेत. लंडन, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅमसाठी नोर. स्वित्झर्लंड आणि दक्षिण फ्रान्ससाठी ल्यों.

आम्ही नेमकं हेच केलं होतं. नोरमागे ला शापेल भागात श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकानं आहेत, डोसा-सांबार उत्तम मिळतं, बाबा त्यावर खूश होते. पण निघायच्या दिवशी ऐन सकाळच्या गर्दीत दोन म्हातारी माणसं आणि चार बॅगा घेऊन ल्योंला जाणारी आरईआर डी ही लोकल गाठायची होती. फिरत्या दाराच्या फाटकातून मोठी बॅग जाईना. बाबा पलीकडे, बॅग अलीकडे, मागे रांग. शेवटी एका कर्मचाऱ्याने बाजूचं रुंद फाटक उघडलं. झुरिकच्या गाडीची दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. आम्ही चार मिनिटं आधी पोचलो. बाबांचा हात माझ्या हातात थरथरत होता.

ल्योंजवळच राहा. तिथून १ नंबरची मेट्रो लूव्र आणि शाँझेलीझेला थेट जाते आणि १४ नंबरची नवी मेट्रो आहे. पॅरिसच्या जुन्या मेट्रोत बहुतेक ठिकाणी जिनेच जिने, पण १४ नंबरच्या सगळ्या स्टेशनांत लिफ्ट आहे. आईंचे मार्ग त्याप्रमाणे आखा. विमानतळावरून येताना एकदाच टॅक्सी करा. शहरापर्यंतचा दर ठरवून दिलेला असतो, मीटरची काळजी नाही.

\*\*\*

लुझर्नबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. स्टेशनजवळ राहायचं सार्थक कुठल्या गावात होत असेल तर ते इथे. समोर जुन्या स्टेशनची कमान उभी आहे. ती इमारत १९७१ च्या आगीत गेली, कमान तेवढी राहिली. कमानीपलीकडे रस्ता ओलांडला की बोटींचा धक्का, आणि लाकडी चॅपल ब्रिज पाच मिनिटांवर. रिगीच्या डोंगरावर जायचं तर बोटीने फित्स्नाउ आणि तिथून दातेरी रुळांची गाडी. स्विस ट्रॅव्हल पासात दोन्ही येतं. रविवारी गावातली दुकानं बंद असली तरी स्टेशनातली उघडी असतात, हे औषधं आणि दूध या दोन गोष्टींसाठी लक्षात ठेवा.

अडचण एकच. स्वित्झर्लंडच्या पुष्कळ जुन्या हॉटेलांत एसी नसतो. आम्ही जुलैत होतो. खिडकी लावली की उकाडा, उघडली की बसचे ब्रेक आणि चर्चच्या घंटा. मे महिन्यात हा त्रास होऊ नये.

माझी आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी ती थकली आणि म्हणाली, तुम्ही रिगीला जाऊन या, मी थांबते. आम्हाला जाववेना. पण हॉटेल धक्क्यासमोरच होतं. परत आलो तर ती खाली बाकावर बसलेली, मांडीवर रुमालात दशम्या. तेवढ्या वेळात दोनदा खोलीत जाऊन पडून आली होती, दोनदा परत पाण्याकाठी. कुठली बोट किती वाजता सुटते ते तिने आम्हालाच सांगितलं, आणि संध्याकाळच्या शेवटच्या बोटीत आम्हाला घेऊन बसली.