खाणीने गिळलेली जमीन चित्रात मांडून काय साधते?

मूळ मुद्दा
चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती या कोळसाखाणीच्या गावात १९८६ साली जन्मलेले प्रभाकर पाचपुते चारकोलने (चित्रकलेसाठीच्या लाकडी कोळशाने) भिंतभर चित्रे काढतात आणि त्यांना शिल्पांची व स्टॉप-मोशन ॲनिमेशनची (एकेक स्थिर चित्र टिपून केलेल्या चलच्चित्राची) जोड देतात. त्यांच्या घरातील तीन पिढ्या खाणीत राबल्या आहेत. अहवालात खाण हेक्टर आणि टनांत मोजली जाते. खाणकामगाराचे शरीर आणि गावची जमीन एकत्रच झिजतात, हे मात्र माणूस, जनावर व यंत्र एकमेकांत मिसळलेल्या त्यांच्या आकृत्या पाहिल्यावरच उमगते, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १
चित्रांच्या ताकदीबद्दल वाद नाही, परंतु ती पाहतो कोण? ती २०२२ च्या व्हेनिस बिएनाले या इटलीतील आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनापर्यंत पोहोचली. इकडे खुल्या खाणीसाठी आधी सुपीक थर खरवडला जातो, मग खालचे दगडमातीचे थर उपसून त्यांचे ढिगारे रचले जातात आणि पावसाळ्यात तीच माती शेतांत व नाल्यांत उतरते. चित्राने यातले काहीही थांबत नाही. मेल चिन या अमेरिकी कलावंताने १९९१ मध्ये मिनेसोटातील सेंट पॉल येथील कचराभूमीवर, कृषिशास्त्रज्ञ रूफस चेनी यांच्या साहाय्याने, मातीतील कॅडमियम व जस्त हे धातू शोषून घेणाऱ्या वनस्पती लावल्या. तिथे जमिनीचा तो तुकडा हीच कलाकृती होती. मला अशी कला हवी आहे.

प्रतिसाद २
उदाहरण मोलाचे आहे, पण ते इथे लागू पडत नाही. तो लहानशा जागेवरचा प्रयोग होता, आणि मुळे पोहोचतील तेवढ्याच खोलीतले धातू वनस्पती शोषतात. खोल खड्ड्यात गेलेली काळी कसदार जमीन अशा वनस्पती लावून परत येत नाही. शिवाय जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी खाण चालवणाऱ्याची आहे, ती कलावंताच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. २०२१ चा आर्टेस मुंडी हा आंतरराष्ट्रीय कला पुरस्कार पाचपुते यांच्यासह सहा कलावंतांना विभागून मिळाला, तो ब्रिटनमधील वेल्समध्ये, म्हणजे जिथल्या बहुतेक कोळसाखाणी बंद पडून दशके लोटली त्या प्रदेशात. कोळसा संपल्यावर गावाचे काय होते, हे तिथल्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)
जबाबदारीचा मुद्दा मला मान्य आहे. तरीही, वेल्सच्या प्रेक्षकाला जे ठाऊक आहे ते चंद्रपूर जिल्ह्यातल्याच राजुरा-बल्लारपूरच्या शेतकऱ्यासमोर भूसंपादनाच्या कागदावर सही करण्यापूर्वी यायला हवे. चारकोलचे चित्र कुठल्याही साध्या भिंतीवर काढता येते. मग ते तालुक्याच्या सभागृहात, जनसुनावणीच्या आधी का असू नये?