वाराणसीचं विमान लटकलंय, कोणीतरी मार्गदर्शन करा

रविवार, सकाळी ९:१०

प्राची (बी-३०२): सर्वांना नमस्कार. आपली काशीला गेलेली सहाही मंडळी पहाटे साडेचारला हॉटेलातून निघाली आणि सहाच्या आत बाबतपूर विमानतळावर पोचली. सव्वाआठचं विमान होतं. आधी साडेनऊ सांगितलं, आता बोर्डावर साडेदहा दिसतंय. बाबांचा फोन मध्येच तुटतोय. आईंचे गुडघे तर सगळ्यांना माहीत आहेत. अशा वेळी तिथे नेमकं काय करायचं असतं? कोणी सांगेल का?

गोखलेकाका (ए-१०४): मी मीटिंगमध्येच म्हणालो होतो, ज्ञानगंगा एक्सप्रेसने जा. पुण्यात बसायचं, बनारसला उतरायचं.

निकम (बी-१०१): शुभ सकाळ. विषय वेगळा आहे, पण आज बोलणारच. पहाटे ३:२० ला गेटवर कॅबचा हॉर्न. सहा वेळा. मग ट्रॉली बॅग पेव्हर ब्लॉकवरून खडखडत सी विंगपर्यंत. माझी बेडरूम गेटला लागून आहे. कॅब कोणाची ते सगळ्यांना ठाऊक आहे.

देशमुख, सेक्रेटरी: निकमसाहेब, आधी प्राचीचं होऊ द्या.

निकम (बी-१०१): होऊ द्या की. मी फक्त नोंद करून ठेवली.

मंदार (सी-५०१): निकमकाका, कॅब माझीच होती. रात्री साडेदहाला उतरणारं विमान दीडला उतरलं, बॅगेत आणखी तास गेला. ड्रायव्हरला हॉर्न नको म्हणेपर्यंत त्याने वाजवला होता. मनापासून सॉरी.

प्राची, घाबरू नकोस. एकाच माणसाला सगळ्यांचे बोर्डिंग पास घेऊन कंपनीच्या काउंटरवर पाठव, बाकीच्यांनी बसून राहायचं. डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे. अडीच तासांपर्यंतचा प्रवास असेल आणि उशीर दोन तासांच्या वर गेला, तर चहा-नाश्ता कंपनीने द्यायचा. वाराणसी-पुणे त्यात बसतं. सव्वादहा वाजले की मागायचं. न मागता मिळेल म्हणून वाट बघायची नाही.

सोनाली (ए-४०३): आणि पैसे? मैत्रिणीला दहा हजार मिळाले होते म्हणे.

मंदार (सी-५०१): ते विमान आयत्या वेळी रद्द केलं तर. प्रवास एक तासापर्यंतचा असेल तर ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्याच्या वर १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. आज कारण धुकं आहे. कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असलं की भरपाई नाही. खाणंपिणं मात्र सोडायचं नाही.

गोखलेकाका (ए-१०४): ज्ञानगंगाला धुक्याचा त्रास नसतो.

अलकाताई (सी-२०४): असं कसं काका? आम्ही त्याच गाडीने आलो तेव्हा नऊ तास लेट होती. प्रयागराजच्या अलीकडे शेतात उभी. डब्यातले शंकरपाळे संपले, मग बाजूच्या सातारकरांचे संपवले.

गोखलेकाका (ए-१०४): पण झोपून होतात ना?

सकाळी १०:३५

प्राची (बी-३०२): आता बोर्डावर बारा. बाबा काउंटरवर गेले होते, "सर, वेट कीजिए" म्हणाले. मंदार, इतका उशीर का होतोय? बाबा म्हणतात बाहेर आता थोडं दिसायला लागलंय.

मंदार (सी-५०१): तिथे दिसून उपयोग नाही, विमान तिथे नाहीये. यांना घेणारं विमान दिल्लीहून येणार आहे. मी ॲपवर बघितलं, ते अजून दिल्लीतच उभं आहे. दिल्लीत कॅट थ्री यंत्रणा आहे, दाट धुक्यातही विमान उतरतं. पण त्यासाठी विमानही तसं लागतं आणि पायलटचं तसं प्रशिक्षणही झालेलं लागतं. शिवाय धुक्यात दोन विमानांमधलं अंतर वाढवतात, मग रांग लागते. एकच विमान दिवसातून चार-पाच फेऱ्या करतं. पहिली चुकली की संध्याकाळपर्यंत सगळ्या घसरत जातात.

म्हणून बोर्डाकडे बघत बसण्यापेक्षा आपलं विमान आत्ता कुठल्या गावात आहे ते बघायचं. ते तिकडून उडालं की आपण निघालो असं समजायचं. तोवर बोर्डावरची वेळ नुसता अंदाज असतो.

निकम (बी-१०१): एक विचारू? सकाळचं पहिलं विमान घ्या, ते वेळेवर असतं, हे मंदारनेच सांगितलं होतं ना? सहलीच्या मीटिंगमध्ये. मी होतो तिथे.

मंदार (सी-५०१): हो काका, सांगितलं होतं. पुण्याहून निघताना ते बरोबरच आहे, विमान रात्रीपासून इथे उभं असतं. पण जानेवारीत गंगेच्या खोऱ्यात उलटं होतं. वारा पडलेला, जमीन गार, हवेत ओल. धुकं रात्री धरतं आणि ऊन चढल्यावर उठतं. दिल्ली, लखनौ, पाटणा, वाराणसी, सगळीकडे या महिन्यात दुपारी एक-दोनचं विमान घ्यावं. परतीच्या तिकिटाला हे मी वेगळं सांगायला हवं होतं. चूक माझी आहे, प्राची.

प्राची (बी-३०२): अरे, असं नको म्हणूस. तिकिटं आम्हीच काढली.

निकम (बी-१०१): आमचंही मागच्या वर्षी असंच झालं. मुंबईला उशिरा पोचलो, पुढचं विमान गेलं. कंपनीने हात वर केले. अठरा हजारांना नवी तिकिटं.

मंदार (सी-५०१): काका, दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर होती का?

निकम (बी-१०१): वेगवेगळी. स्वस्त पडत होती.

मंदार (सी-५०१): मग त्यांच्या लेखी ते दोन निराळे प्रवास. एक पीएनआर असता तर पुढच्या विमानात बसवणं त्यांची जबाबदारी होती.

निकम (बी-१०१): हे कोणी आधी सांगत नाही. असो. नऊ दिवस व्हिजिटर पार्किंगमध्ये उभी असलेली पांढरी गाडी आज तरी निघेल का?

देशमुख, सेक्रेटरी: निकमसाहेब, कृपया.

सकाळी ११:२०

प्राची (बी-३०२): डॉक्टरताई आहेत का ग्रुपवर? बाबांची इन्सुलिनची पेनं चेक-इन बॅगेत गेली. बॅग सकाळीच बेल्टवर टाकली. घरी गेल्यावर जेवायच्या आधी घेईन, असं त्यांना वाटलं. आता खूप काळजी वाटतेय.

डॉ. शुभदाताई (ए-२०३): प्राची, शांत हो. मी त्यांना फोन करते. दुपारच्या डोसचं काय करायचं ते मी सांगेन, त्यांनी मनाने काही ठरवू नये. उपाशी राहायचं नाही. खिशात साखर किंवा गोळ्या ठेवायच्या. सकाळची शुगर तपासली होती का?

प्राची (बी-३०२): हो, १४८.

डॉ. शुभदाताई (ए-२०३): मग आत्ता घाबरण्यासारखं काही नाही. पेन मात्र हातात हवं. विमानाच्या पोटात ठेवलेल्या बॅगेत ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. चालू केलेलं पेन साध्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकतं, फ्रीजसाठी अडायचं कारण नाही.

मंदार (सी-५०१): विमानच आलेलं नाही, म्हणजे बॅग अजून इमारतीतच आहे. बाबांना म्हणावं बॅगेच्या टॅगची चिठ्ठी दाखवा आणि "इन्सुलिन अंदर है" एवढंच सांगा. बॅग परत आणून देतात. मी दोनदा बघितलंय.

गोखलेकाका (ए-१०४): रेल्वेत बॅग बर्थखाली असते. म्हणून म्हणतो, ज्ञानगंगा.

सोनाली (ए-४०३): काका, आता ज्ञानगंगाचं नाव आलं की मी इथूनच हिरवा झेंडा दाखवणार.

(एक मेसेज डिलीट करण्यात आला)

अलकाताई (सी-२०४): काय डिलीट केलंत गोखलेकाका?

गोखलेकाका (ए-१०४): चुकून वेळापत्रक टाकलं होतं.

दुपारी १२:२५

प्राची (बी-३०२): बॅग मिळाली!! पेन हातात आलं. उपमा आणि चहा पण दिला. मंदार, डॉक्टरताई, कसे आभार मानू? बॅग उघडली तर पॉवर बँक पण त्यातच निघाली. तिथल्या मुलीने बाबांना समजावलं, ही वर केबिनमध्येच न्यायची असते.

मंदार (सी-५०१): पॉवर बँक चेक-इनमध्ये कधीच नाही. लिथियमची बॅटरी पेटली तर खाली कोणाला कळणार? सुकं खोबरंही चेक-इनमध्ये चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते पेटतं. प्रसादाच्या पिशवीत तेच असतं आणि बॅग अडकते.

मी आता आठवड्याला चार विमानं धरतो, पण खांद्यावरच्या पिशवीत काय असावं हे माझ्या आईमुळे शिकलो. बाबा गेले तेव्हा मी विमानतळावर होतो आणि सात तास तिथेच अडकलो. फोनची बॅटरी संपली, चार्जर चेक-इन बॅगेत होता. आई इथे एकटी फोन लावत राहिली. त्या दिवसापासून चार्जर, औषधं, एक दिवसाचे कपडे आणि कागदावर लिहिलेले चार नंबर, हे माझ्या खांद्यावरून उतरत नाही. वाटेल तेवढं सामान बेल्टवर टाका, पण ही पिशवी नाही.

अलकाताई (सी-२०४): बाळा, हे माहीत नव्हतं रे.

निकम (बी-१०१): मलाही नव्हतं.

दुपारी १:३०

प्राची (बी-३०२): आता ३:४० म्हणताहेत. कंपनीचा मेसेज आलाय, पूर्ण रिफंड घ्या किंवा दुसरं विमान निवडा. देशपांडेकाका म्हणतात रिफंड घेऊन टाकू. सगळे थकलेत.

मंदार (सी-५०१): नको! सहा तासांच्या वर उशीर गेला म्हणून तो पर्याय आलाय, तो त्यांचा हक्कच आहे. पण रिफंडवर बोट टेकवलं की आजची सीट गेली. सहा म्हाताऱ्या माणसांना उद्याचं तिकीट काय भावाने मिळेल सांगता येत नाही आणि उद्या सकाळी परत धुकं असेल. दिल्लीहून विमान १:१० ला उडालंय, मी बघतोय. अडीचच्या आत ते बाबतपूरला येईल. आणखी थोडा धीर धरा.

देशमुख, सेक्रेटरी: प्राची, देशपांडेकाकांशी मी बोलतो. ते माझं ऐकतील.

अलकाताई (सी-२०४): तोवर कोणीतरी फोटो टाका ना. सिंधिया घाटावरचं ते कललेलं रत्नेश्वराचं देऊळ बघितलं का? आणि सारनाथला चार सिंह?

प्राची (बी-३०२): देऊळ बघितलं. सारनाथला शुक्रवारी गेले, संग्रहालय बंद. धामेक स्तूप मात्र बघितला.

अलकाताई (सी-२०४): अगं आई गं! शुक्रवारी बंद असतं हे मी टूरवाल्याला सांगितलं होतं. अशोकस्तंभाचे मूळ सिंह त्या आतच आहेत. नोटेवर रोज बघतो आणि तिथे जाऊन दारावरून परत यायचं? मला फार वाईट वाटलं.

सोनाली (ए-४०३): टूरवाला कोणी सुचवला होता?

अलकाताई (सी-२०४): तो विषय नको आता.

प्राची (बी-३०२): पण आई अहिल्याबाईंनी बांधलेल्या विश्वनाथाच्या देवळात खूप रडल्या म्हणे. १७८० चं देऊळ, आपल्या माणसाने उभं केलेलं. पंचगंगा घाटावर त्या एक तास बसून होत्या. नाथमहाराजांनी भागवत काशीत पूर्ण केलं, त्याच्या ओव्या म्हणत होत्या. बाबांनी रेकॉर्ड केलंय, संध्याकाळी टाकते.

गोखलेकाका (ए-१०४): नक्की टाक. माझ्या आईला तो अकरावा स्कंध पाठ होता.

दुपारी ३:५५

प्राची (बी-३०२): बसले!!! बाबांचा मेसेज आला, फोन बंद करतोय.

मंदार (सी-५०१): छान. साधारण सव्वासहाला लोहगाव. सहा माणसं आणि बारा बॅगा, दोन कॅब लागतील. मी माझी गाडी काढतो.

सोनाली (ए-४०३): मी पण येते, पण माझ्यात बॅगा मावणार नाहीत.

निकम (बी-१०१): माझी सात सीटर रिकामी आहे. मी निघतो पाच वाजता. मंदार, तू झोप थोडा, रात्रभर जागा आहेस. तुझ्या गाडीची चावी गार्डकडे दे, ती मी आल्यावर सी विंगमागे लावतो.

मंदार (सी-५०१): काका, मी पण येतो. व्हीलचेअर लागली तर दोघं बरे.

संध्याकाळी ६:४०

साठे (बी-३०२): उतरलो. व्हीलचेअर मिळाली. पेन माझ्या शर्टाच्या खिशात आहे. निकम आणि मंदार समोर उभे आहेत, प्राचीला सांगा, तिचा फोन लागत नाहीये. आईने सगळ्यांसाठी गंगाजल आणलंय.

गोखलेकाका (ए-१०४): या, या. पाणी तापवून ठेवायला सांगतो.

निकम (बी-१०१): गार्डला कोणीतरी फोन करा, गेट उघडं ठेव म्हणावं. हॉर्न वाजवणार नाही.